गीत लिहून झालं, पुढे काय झालं?

चर्चमध्ये एखादं जुनं गीत गायच्या आधी त्याच्यामागची स्टोरी सांगायची पद्धत आहे. दोन मिनिटांची असते, फार तर तीन. साचा ठरलेला. माणसावर मोठं संकट येतं, होतं नव्हतं सगळं जातं, तो गुडघे टेकतो आणि त्याच रात्री कागद ओढून गीत लिहून काढतो. मग पेटी सुरू. मला या स्टोऱ्या आवडतात, खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणीही येतं. पण या लोकांची चरित्रं आणि पत्रं जमतील तशी वाचत गेले तसं एक सारखं खटकायला लागलं, की स्टोरी गीतापाशी संपते आणि माणूस काही तिथे संपत नाही. तो पुढे वीस-तीस वर्षं जगतो, आजारी पडतो, कर्ज करून ठेवतो, लोकांशी भांडतो, आणि त्या सगळ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि ते "त्याच रात्री" तर बऱ्याचदा खरंही नसतं.

होरेशिओ स्पॅफर्डचंच घ्या, सगळ्यात जास्त फॉरवर्ड होणारी गोष्ट. "इट इज वेल विथ माय सोल"चा लेखक, शिकागोचा वकील. नेहमीची गोष्ट अशी की मुलगा गेला, मग १८७१ च्या शिकागोच्या आगीत प्रॉपर्टी गेली, मग १८७३ मध्ये चार मुली बोटीवर बुडाल्या, आणि बायकोला आणायला जाताना, जिथे मुली बुडाल्या त्याच पाण्यावर, त्याने हे गीत लिहिलं. आता यातलं बरंचसं खरंच आहे. २२ नोव्हेंबर १८७३ ला "व्हिल द्यु आव्र" नावाची बोट अटलांटिकमध्ये "लॉक अर्न" नावाच्या जहाजाला धडकली आणि साधारण बारा मिनिटांत बुडाली. २२६ माणसं गेली. स्पॅफर्ड कामासाठी मागे थांबला होता, बायको अ‍ॅना आणि चार मुली बोटीवर होत्या, अ‍ॅना तेवढी वाचली. कार्डिफला पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली, तिची सुरुवात "एकटीच वाचले" अशी होती. यात कोणी काही वाढवायची गरजच नाहीये.

तरी वाढवलं गेलंच. स्टोरीत जो मुलगा आगीच्या आसपास जातो तो १८७१ मध्ये जन्मलाच नव्हता. होरेशिओ ज्युनिअर झाला १८७५ मध्ये, म्हणजे बोटीच्या अपघातानंतर, आणि स्कार्लेट फीव्हरने गेला १८८० मध्ये, म्हणजे गीत छापून, गायलं जाऊन चार वर्षं झाल्यावर. जरा थांबून विचार करा याचा. ज्या बापाने "माझ्या जिवाचं सगळं ठीक आहे" असं लिहून ठेवलं, त्याच्याकडून पाचवं मूल त्यानंतर गेलं. ही गोष्ट मला स्टोरीपेक्षा कितीतरी जड वाटते, आणि सांगणारे नेमकी तीच उचलून गीताच्या आधी नेऊन ठेवतात, कारण गीतानंतर संकट आलेलं साच्यात बसत नाही.

गीत बोटीवर लिहिलं का, यातही गोंधळ आहे. मुलगी बर्था हिने पुढे कुटुंबाच्या आठवणी लिहिल्या, बोटीवरची गोष्ट तिच्याकडून आलेली, पण बर्थाचा जन्मच १८७८ चा, अपघातानंतर पाच वर्षांनी. उलट गायक आयरा सँकी, तो स्वतः १८७६ मध्ये स्पॅफर्डच्या घरी काही आठवडे राहिला होता, त्याने लिहून ठेवलंय की गीत त्या मुक्कामात लिहिलं गेलं. आणि जे हस्तलिखित जपून ठेवलंय ते शिकागोच्या ब्रेव्हर्ट हाऊस हॉटेलच्या लेटरहेडवर आहे. हॉटेलचं नाव छापलेला कागद, त्यावर पेनाने लिहिलेल्या ओळी. आता बोटीवर मनात ओळी आल्या असतील आणि कागदावर नंतर उतरल्या असतील, असंही होऊ शकतं, मी काही कोर्टात उभी नाहीये. पण मला तरी असं वाटतं की एवढ्या मोठ्या दुःखातून बाहेर यायला माणसाला वेळ लागला असेल, तर त्यात गीताची काही किंमत कमी होत नाही, उलट माणूस जास्त ओळखीचा वाटतो.

चाल दिली फिलिप ब्लिसने, आणि चालीचं नाव ठेवलं "व्हिल द्यु आव्र". म्हणजे जी बोट मुलींना घेऊन बुडाली तिचंच नाव. नोव्हेंबर १८७६ मध्ये गीत शिकागोत गायलं गेलं आणि २९ डिसेंबरला, महिना-सव्वा महिन्यात, ओहायोमधल्या अ‍ॅशटाब्युलाला पूल कोसळून ट्रेन खाली गेली, त्यात ब्लिस आणि त्याची बायको दोघंही गेले. अडतीस वर्षांचा होता.

आणि स्पॅफर्ड? मुलगा गेल्यावर या घरावरच देवाचा कोप आहे अशी कुजबुज ऐकून घ्यावी लागली, चर्चच्या मंडळीशी फाटलं, आणि १८८१ मध्ये तो, अ‍ॅना, उरलेल्या दोन मुली आणि काही मित्र असे जेरुसलेमला गेले, मागे लोकांची देणी ठेवून. वकील माणूस, दुसऱ्यांचे पैसे सांभाळणारा, आणि त्या पैशांचा हिशोब काही नीट नव्हता. तिथे त्यांनी एकत्र राहणाऱ्या लोकांची वसाहत काढली, तीच अमेरिकन कॉलनी. विचित्र नियम होते तिथले, टीकाही भरपूर झाली, पण पहिल्या महायुद्धात याच लोकांनी जेरुसलेममध्ये उपाशी माणसांना सूप वाटलं. स्पॅफर्ड ते बघायला नव्हता, तो १८८८ मध्येच मलेरियाने गेला. आता हे सगळं दोन मिनिटांत कसं सांगणार, मला पण कळतं. पण निदान मुलाचा मृत्यू तरी त्याच्या जागेवर राहू द्या.

हे असं पुढेमागे करणं फक्त स्पॅफर्डच्या बाबतीत झालंय असं नाही. "नाऊ थँक वी ऑल अवर गॉड" हे मुळात जर्मन गीत, लिहिणारा मार्टिन रिंकार्ट, सॅक्सनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू. तीस वर्षांचं युद्ध चालू, तटबंदीच्या गावात आजूबाजूचे निर्वासित येऊन कोंबलेले, १६३७ मध्ये प्लेग आला. बाकीचे पाळक मेले किंवा निघून गेले, रिंकार्ट एकटा उरला आणि त्याने चार हजारांच्या वर माणसांना मूठमाती दिली, काही दिवस तर चाळीस-पन्नास. त्यात त्याची बायकोही होती. आणि असं म्हणतात की या सगळ्यात बसून त्याने उपकारस्तुतीचं गीत लिहिलं. पण अभ्यासकांच्या मते गीत बहुधा आधीचं, १६३० च्या सुमाराचं, आणि तेही जेवणाच्या आधी-नंतर मुलांबरोबर म्हणायची प्रार्थना म्हणून लिहिलेलं. म्हणजे चित्र उलटं होतं. आधी साधं घरातलं गीत, ताटावर बसून म्हणायचं, आणि मग तीच ओळ म्हणणारी बायको गेली, गाव गेलं. त्याने त्या वर्षात ते गीत म्हटलं का, म्हणवलं का त्याला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण लिहिण्यापेक्षा ते म्हणणं अवघड असणार.

"सायलेंट नाइट"चे उंदीर तर सोडूनच देऊ. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून ऐनवेळी नाताळच्या संध्याकाळी घाईघाईत गीत लिहिलं, ही कोणीतरी मागाहून जोडलेली गंमत आहे. योसेफ मोरने कविता १८१६ मध्येच लिहिली होती, नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली, दोन वर्षांनी २४ डिसेंबर १८१८ ला फ्रान्झ ग्रुबरने चाल लावली आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ते गिटारवर गायलं, एवढंच. मोरचं आयुष्य उंदरांपेक्षा कितीतरी सांगण्यासारखं आहे. अनौरस मूल, बाप सैन्यातून पळून गेलेला, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता म्हणून नाव कोणाचं, तर साल्झबुर्गच्या फाशी देणाऱ्या जल्लादाचं. असल्या पोराला कोण मांडीवर घेणार! तो पुढे पाळक होतो आणि बाळाच्या झोपेवर गीत लिहितो. हे सांगा ना राव, उंदीर काय घेऊन बसलात.

आता जॉन न्यूटन. "अमेझिंग ग्रेस" माहीत नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. गुलामांचा व्यापारी, समुद्रात वादळ, देवाचा धावा, परिवर्तन, गुलामांचा धंदा सोडला, गीत लिहिलं. बरोबर? वादळ झालं मार्च १७४८ मध्ये. त्यानंतर, नीट वाचा, त्यानंतर तो गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा कॅप्टन झाला. १७५० ते १७५४ मध्ये तीन सफरी केल्या. वर कॅप्टनच्या केबिनमध्ये बायबल वाचतोय, प्रार्थना करतोय, बायकोला प्रेमाची लांबलचक पत्रं लिहितोय, आणि खाली माणसं साखळ्यांत. आणि सोडलं ते मन खायला लागलं म्हणून नाही, १७५४ मध्ये त्याला झटका आला, डॉक्टरांनी समुद्रावर जाऊ नको म्हटलं, म्हणून. मग लिव्हरपूलला बंदरात सरकारी नोकरी, मग १७६४ मध्ये ऑल्नी नावाच्या छोट्या गावात पाळक. तिथली गरीब घरं लेस विणून पोट भरायची, बायका आणि लहान पोरंसुद्धा. या लोकांना समजेल असं काहीतरी म्हणून न्यूटन प्रार्थनासभेसाठी गीतं लिहायचा. "अमेझिंग ग्रेस" हे असंच १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठीचं, बायबलमधल्या "१ इतिहास" या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातल्या दावीदाच्या प्रार्थनेवर. म्हणजे वादळानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो जाहीरपणे बोलला ते १७८८ मध्ये, गीतानंतर आणखी पंधरा वर्षांनी, एक पत्रक काढून, त्यात स्वतःचा वाटा कबूल करून, कबुली द्यायला फार उशीर झाला असं म्हणत.

काही जण हे ऐकून म्हणतात, बघा, ढोंगी होता. मला तसं नाही वाटत, पण त्याला पटकन माफ करून टाकावं असंही वाटत नाही. "आंधळा होतो, आता दिसतं" असं लिहिणाऱ्या माणसाला तोपर्यंत सगळ्यात मोठी गोष्ट दिसलीच नव्हती, किंवा दिसून तो गप्प होता. दिसायला लागायला चाळीस वर्षं लागली. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार बंद केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूटन गेला, तेव्हा त्याला खरंच दिसत नव्हतं, डोळे गेलेले. आणि आपण जी चाल गातो ती त्याने कधी ऐकलीच नाही, ते शब्द त्या चालीला अमेरिकेत १८३५ मध्ये विल्यम वॉकरने त्याच्या गीतसंग्रहात जोडले.

न्यूटनच्या शेजारी कूपर राहायचा, आणि माझ्यासाठी खरी गोष्ट ही आहे. विल्यम कूपर, कवी, मनाने अतिशय नाजूक, आत्महत्येचे प्रयत्न करून झालेले, वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला. न्यूटनने त्याला ऑल्नीत आणलं, दोघांच्या घरांमधून बागेतून वाट होती, रोजचं येणंजाणं. "गॉड मूव्ह्ज इन अ मिस्टीरिअस वे" हे कूपरचं. ते लिहिलं आणि जवळजवळ लगेच, जानेवारी १७७३ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात पलीकडच्या घरी "अमेझिंग ग्रेस" होत होतं त्याच महिन्यात, तो पुन्हा कोसळला. त्याला स्वप्न पडलं की देवाने आपल्याला टाकलंय, आणि ते त्याच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. १८०० मध्ये गेला, म्हणजे सत्तावीस वर्षं तो असं मानून जगला की देवाची कृपा सगळ्या जगासाठी आहे, फक्त माझ्यासाठी नाही.

न्यूटनने त्याला वर्षभराहून जास्त स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. पाळकाचं घर, त्यात हा माणूस, रात्री-अपरात्री उठणारा, जिवाचं काय करून घेईल नेम नाही. नंतर जरा बरं वाटल्यावर कूपरने ससे पाळले, तीन, पस, टायनी आणि बेस अशी नावं, स्वतः त्यांच्यासाठी सुतारकाम करून खुराडी बनवायचा. टायनी म्हणे फार तापट होता, हात लावू द्यायचा नाही. ऑल्नीची गीतं पुस्तक होऊन १७७९ मध्ये आली, ३४८ गीतं, त्यातली सत्तरच्या आत कूपरची, बाकी सगळी न्यूटनची, कारण कूपर मधेच थांबला. आणि १७८८ मध्ये न्यूटनने पत्रक काढलं त्याच वर्षी कूपरनेही गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिल्या. देवाने आपल्याला टाकलंय अशी खात्री असलेला माणूस दुसऱ्यांच्या सुटकेसाठी लिहितोय. कूपरची स्टोरी गीतांच्या आधी कोणी सांगत नाही, आणि सांगितली तरी ते स्वप्न गाळून सांगतात. मंडळीत दर रविवारी कोणीतरी कूपर बसलेला असतो, त्याच्यासाठी तरी सांगावी.

जोसेफ स्क्रिव्हन पण याच जातीचा. "व्हॉट अ फ्रेंड वी हॅव इन जीझस". आयर्लंडचा, लग्नाच्या आदल्या दिवशी होणारी बायको बुडून गेली, कॅनडाला आला, तिथे पुन्हा लग्न ठरलं, तीही आजाराने गेली. गीत मात्र मधल्या काळातलं, १८५५ च्या सुमाराचं, आयर्लंडमध्ये आजारी आईला पाठवलेलं, छापायचा विचारच नव्हता. बरीच वर्षं ते भलत्याच कवीच्या नावावर छापलं जायचं. कॅनडातल्या पोर्ट होपमध्ये स्क्रिव्हन करवत खांद्यावर टाकून फिरायचा आणि विधवांची, आजाऱ्यांची सरपणाची लाकडं फुकट कापून द्यायचा. कोणीतरी पैसेवाला त्याला कामावर ठेवू म्हणाला तर बरोबरच्याने सांगितलं, तो तुमच्याकडे येणार नाही, तुम्ही पैसे देऊ शकता. १८८६ मध्ये आजारपणात रात्री उठून बाहेर गेला आणि पाण्यात मेलेला सापडला. पाय घसरला की काय झालं ते आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही.

जॉर्ज मॅथसनने तर गंमतच केलीये. "ओ लव्ह दॅट विल्ट नॉट लेट मी गो", ६ जून १८८२, स्कॉटलंडमधल्या इनेलनच्या पाळकाच्या घरी, पाच मिनिटांत लिहिलं असं तो स्वतः सांगतो. कशामुळे? तर माझ्या बाबतीत काहीतरी घडलं, ते फक्त मला ठाऊक, आणि त्याने मनाला फार यातना झाल्या, बस, एवढंच. लोकांना चैन पडेना. मग गोष्ट तयार झाली की तो आंधळा होतोय म्हटल्यावर वाग्दत्त वधूने लग्न मोडलं. अहो पण डोळे विशीत गेले आणि गीत चाळिशीत. इतक्या वर्षांनी एकदम? त्याने दार लावून घेतलं होतं, आपण खिडकीतून चढलो.

फॅनी क्रॉस्बीकडे आल्यावर मात्र जरा मोकळं वाटतं, कारण तिथे संकट आणि गीत असा मामलाच नाही, तिथे काम आहे. १८२० चा जन्म, दीड महिन्याची असताना डोळे आले, कोणीतरी डोळ्यांवर मोहरीचं पोटीस लावलं, आणि घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दृष्टी गेली. आठ हजारांच्या वर गीतं लिहिली. प्रकाशकाशी करार, आठवड्याला इतकी गीतं द्यायची, एका गीताचे एक-दोन डॉलर. पुस्तकात सगळी एकाच बाईची गीतं दिसायला नकोत म्हणून ढीगभर टोपणनावं. १८६८ मध्ये संगीतकार डोअन तिच्याकडे आला, ट्रेनला चाळीस मिनिटं आहेत म्हणाला, चाल वाजवून दाखवली, आणि तो निघायच्या आत "सेफ इन द आर्म्स ऑफ जीझस" तयार. बाळ गेलेल्या आयांना ते गीत आपलं वाटायचं. तिचं एकुलतं एक मूल तान्हेपणीच गेलं होतं, पण ती त्याबद्दल फारसं बोलायची नाही. चाळीस मिनिटांत लिहिलेलं म्हणजे वरवरचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं, तिच्याकडे ते आधीपासून होतं, फक्त ट्रेनची वेळ नंतर आली.

साच्यात बऱ्यापैकी बसणारी एकच गोष्ट मला माहितीये, थॉमस डॉर्सीची. १९३२ चा ऑगस्ट, तो सेंट लुइसला गायला गेलेला, तिथे तार आली, बाळंतपणात बायको नेटी गेली. घरी पोचला, मुलगा झाला होता, लगोलग तोही गेला. आणि मग "टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड". पण त्याच रात्री नाहीच, काही दिवस गेले, मित्र बरोबर होता, चाल जुनी होती, आणि "ब्लेसेड लॉर्ड" ऐवजी "प्रेशस लॉर्ड" हे त्या मित्राने सुचवलं. डॉर्सी आधी जॉर्जिया टॉम या नावाने ब्लूज वाजवायचा, चावट गाण्यांच्या रेकॉर्डी निघालेल्या. बऱ्याच चर्चांना त्याची चालच नको होती, हे बारमधलं संगीत म्हणून. पुढे मार्टिन लूथर किंगने गोळी लागायच्या काही क्षण आधी संध्याकाळच्या सभेत हेच वाजवा म्हणून सांगितलं होतं.

आपल्याकडचे कवी ना. वा. टिळक या बाबतीत नशीबवान, किंवा कमनशिबी, कसं बघाल तसं. त्यांचीही एक सुबक स्टोरी आहे, आगगाडीत एक गोरा प्रवासी भेटला, त्याने नवा करार दिला, दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल म्हणाला, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पाळकाने सांगितली तर इथेच संपेल. पण टिळकांच्या घरात लक्ष्मीबाई होत्या. नवऱ्याने धर्म बदलल्यावर त्या काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, रडल्या, चिडल्या, मग स्वतःच्या पायांनी ख्रिस्ती झाल्या, आणि हे सगळं "स्मृतिचित्रे"मध्ये लिहून ठेवलं, नवऱ्याचा संताप, त्याचा उधळा हात, घरात पैसा न टिकणं, सगळं, आणि तेही वाचणाऱ्याला हसू फुटेल असं. शाळेचं तोंड धड न पाहिलेली बाई. ज्याचे अभंग आपण हात जोडून गातो तो घरात किती अवघड माणूस होता हे त्यांनी सांगून टाकलं, आणि तरी वाचल्यावर अभंग कुठे फिके पडत नाहीत. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ताच्या चरित्रावरचं "ख्रिस्तायन" अर्धवट राहिलं होतं, दहा-अकरा अध्यायांच्या पुढे गेलंच नव्हतं. पुढचे सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले, साठाच्या वर.